मराठीतून स्पॅनिश शिकताना : सांगलीतील नवशिक्यांचे नेहमीचे प्रश्न

स्पॅनिशची पहिली पायरी, म्हणजे भाषाज्ञानाच्या ए१ ते सी२ अशा चढत्या पातळ्या ठरवणाऱ्या युरोपीय चौकटीतील ए१ आणि फार तर ए२ ही पातळी, स्वाध्याय सोडवत स्वतःच्या बळावर पार करू इच्छिणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. सांगली, मिरज, तासगाव, विटा या भागात स्पॅनिश बोलणारा शेजारी मिळणे अवघड असल्यामुळे येथील शिकणाऱ्याचा बहुतेक अभ्यास वही, मोबाइल आणि उत्तरसूची यांच्याच सोबतीने होतो, हे गृहीत धरून उत्तरे दिली आहेत.

माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले आहे आणि इंग्रजी जेमतेम येते. मला स्पॅनिश जमेल का?

जमेल. किंबहुना काही बाबतींत इंग्रजी आड न आल्याचा फायदाच होईल. बाजारात मिळणारी बहुतेक पुस्तके आणि ॲप इंग्रजी भाषकांना समोर ठेवून तयार केलेली असतात. त्यांत ज्या गोष्टी ‘अवघड’ म्हणून पानेच्या पाने भरून समजावलेल्या असतात, त्यांतील कित्येक मराठी माणूस लहानपणापासून नकळत वापरत असतो. नामाला लिंग असणे, विशेषणाने नामाप्रमाणे बदलणे, क्रियापदावरूनच कर्ता कळत असल्यामुळे ‘मी’, ‘तू’ गाळता येणे, समोरच्याचा मान पाहून सर्वनाम बदलणे, ‘मला आवडते’ अशी वाक्यरचना असणे, हे सगळे दोन्ही भाषांत आहे. त्यामुळे आमचा पहिला आणि सर्वांत आग्रहाचा सल्ला असा, की स्वाध्यायातील इंग्रजी वाक्य आधी मराठीत मांडावे आणि मगच त्याचे स्पॅनिश करावे. सूचना वाचण्यापुरते इंग्रजी पुरेसे आहे. विचार मात्र त्यातून करू नये.

मराठी प्रत्येक वेळी मदतीला येतेच असे नाही. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते, स्पॅनिशमध्ये ते सहसा मध्ये येते. आपण ‘सांगलीत’ असा प्रत्यय जोडतो, तर तेथे ‘एन सांगली’ असे शब्दयोगी अव्यय नामाच्या आधी बसते. ‘मुलीचे पुस्तक’ म्हणताना क्रम उलटून ‘एल लिब्रो दे ला निन्या’ असा होतो. विशेषणही बहुधा नामाच्या नंतर येते. हे फरक आहेत, पण ते मोजके आहेत आणि सरावाने अंगवळणी पडतात.

येथे स्पॅनिश शब्द देवनागरीत दिले आहेत. वहीतही तसेच लिहावे का?

नाही. येथे देवनागरी वापरली आहे ती उच्चार चटकन कळावा म्हणून. स्वाध्याय मात्र पहिल्या दिवसापासून रोमन लिपीतच लिहावेत. स्पॅनिश वर्णमालेत २७ अक्षरे आहेत आणि अक्षरावरून उच्चार करण्याचे नियम इंग्रजीपेक्षा कितीतरी सरळ आहेत. आठवडाभर मोठ्याने वाचले, की अनोळखी शब्दही बहुतांशी बरोबर वाचता येतो.

येथील लेखनाचे संकेत असे. ‘त’ आणि ‘द’ हे आपल्या दंत्य त, द यांसारखेच समजावेत. इंग्रजीच्या सवयीने ‘ट’, ‘ड’ म्हणू नये. ‘प’, ‘त’, ‘क’ यांत महाप्राण मिसळत नाही, ही गोष्ट इंग्रजी भाषकांना शिकावी लागते आणि आपल्याला आयती मिळते. ‘एच’ हे अक्षर स्पॅनिशमध्ये मुके असते, त्यामुळे येथे जेथे ‘ह’ दिसेल तेथे तो ‘जे’ अक्षराचा, घशात घासून निघणारा ध्वनी आहे. ‘व्ही’ आणि ‘बी’ या दोन्ही अक्षरांचा उच्चार एकच असल्याने दोन्हींसाठी ‘ब’ लिहिला आहे. ‘पेरो’ म्हणजे पण आणि ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. दुसऱ्या शब्दातील र जिभेचे टोक थरथरवून काढायचा असतो.

देवनागरीत एक गोष्ट दाखवता येत नाही, ती म्हणजे आघात. ‘आब्लो’ या शब्दात पहिल्या अक्षरावर जोर दिला तर ‘मी बोलतो’ असा अर्थ होतो, शेवटच्या अक्षरावर दिला तर ‘तो बोलला’. ‘पापा’ हा शब्द आधी जोर देऊन म्हटला तर लॅटिन अमेरिकेत बटाटा, शेवटी जोर दिला तर बाबा. नियम असा, की शब्दाच्या शेवटी स्वर, ‘एन’ किंवा ‘एस’ असेल तर आघात उपान्त्य अक्षरावर पडतो, अन्य व्यंजन असेल तर शेवटच्या अक्षरावर. जो शब्द हा नियम मोडतो त्याच्या आघात असलेल्या स्वरावर तिरपी रेघ देतात. म्हणजे ती रेघ नक्षी नसून शुद्धलेखनाचा भाग आहे. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाची जशी काळजी घेतो तशीच तिची घ्यावी. स्पॅनिशमध्ये ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलत नाही, एवढी सूट आहे.

सुरुवातीला कोणते शब्द पाठ करावेत?

पुस्तकांतील पहिल्या धड्यांत विमानतळ, हॉटेल, समुद्रकिनारा अशा शब्दांची गर्दी असते, कारण ती पुस्तके पर्यटकांसाठी लिहिलेली असतात. त्यांना टाळण्याचे कारण नाही, पण जो शब्द रोज डोळ्यांसमोरच्या वस्तूला लावता येतो तो अधिक टिकतो. सांगलीतील शिकणाऱ्याने ‘रिओ’ म्हणजे नदी, ‘प्वेन्ते’ म्हणजे पूल, ‘मेर्कादो’ म्हणजे बाजार, ‘कूर्कुमा’ म्हणजे हळद, ‘ऊबा’ म्हणजे द्राक्ष, ‘पासा’ म्हणजे बेदाणा, ‘कान्या दे आसूकार’ म्हणजे ऊस हे शब्द पहिल्या पंधरवड्यातच घ्यावेत. यांतील ‘आसूकार’ अरबीतून स्पॅनिशमध्ये गेला आणि त्याचे मूळ आपल्या ‘शर्करा’पर्यंत पोहोचते, ‘नारांहा’ म्हणजे संत्रे, त्याची कुळी ‘नारंग’ची.

पोर्तुगीजांमुळे मराठीत रुळलेले काही शब्दही उपयोगी पडतात, कारण पोर्तुगीज आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी आहेत. मेज आणि ‘मेसा’, साबण आणि ‘हाबोन’, पगार आणि ‘पागार’ (पैसे देणे), बटाटा आणि स्पेनमधील ‘पाताता’ ही नाती सहज दिसतात. मात्र सगळीकडे ही आशा धरू नये. मार्केट यार्डातील हळदीचा ‘लिलाव’ हा शब्द पोर्तुगीज वळणाचा असला तरी स्पॅनिशमध्ये त्याला ‘सुबास्ता’ म्हणतात.

नुसती नामे साठवून वाक्य होत नाही. ‘आणि’, ‘पण’, ‘कारण’, ‘येथे’, ‘आता’, ‘खूप’, ‘कधीच नाही’ असे जोडशब्द आणि असणे, जाणे, करणे, हवे असणे, शकणे ही क्रियापदे यांना फळे-भाज्यांच्या यादीच्या आधी स्थान द्यावे. आणि प्रत्येक नाम त्याच्या उपपदासह, म्हणजे पुल्लिंगी नामाआधीच्या ‘एल’ किंवा स्त्रीलिंगी नामाआधीच्या ‘ला’सह, लिहावे : ‘रिओ’ नव्हे, ‘एल रिओ’, ‘ऊबा’ नव्हे, ‘ला ऊबा’.

पाठ केलेले शब्द चार दिवसांत विसरतात. काय करावे?

विसरणे हा दोष नाही. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून १८८५ मध्ये दाखवले, की नवे शिकलेले सुरुवातीला झपाट्याने आणि पुढे हळूहळू विसरले जाते. त्यावरचा उपाय म्हणजे यादी पुन्हा पुन्हा वाचणे नव्हे, तर वाढत्या अंतराने ती आठवून पाहणे. कागदाच्या चिठ्ठीवर एका बाजूस मराठी आणि दुसऱ्या बाजूस स्पॅनिश लिहावे. मराठी बाजू पाहून स्पॅनिश शब्द मोठ्याने म्हणावा आणि मगच चिठ्ठी उलटावी. आठवला तर ती चिठ्ठी दोन-तीन दिवसांनी, नंतर आठवड्याने पाहायची. नाही आठवला तर उद्याच. हेच काम मोबाइलवर ‘अँकीड्रॉइड’ हे मोफत ॲप करते. तयार संच उतरवून घेण्यापेक्षा स्वतःच्या चिठ्ठ्या स्वतः टंकलिखित कराव्यात, कारण निम्मे पाठांतर तेथेच होते.

नामाचे लिंग कसे ओळखावे? मराठीतील लिंग चालते का?

चालत नाही, पण लिंग असते ही कल्पना आपल्याला नवी नाही आणि तेच मोठे भांडवल आहे. मराठीत तीन लिंगे, स्पॅनिशमध्ये दोन. नपुंसकलिंगी नामे तेथे नाहीत. नदी आपल्याकडे स्त्रीलिंगी, पण ‘रिओ’ पुल्लिंगी, त्यामुळे कृष्णामाईसुद्धा स्पॅनिशमध्ये ‘एल कृष्णा’ होते. चंद्र आपला पुल्लिंगी, ‘ला लूना’ स्त्रीलिंगी. ऊस पुल्लिंगी, ‘ला कान्या’ स्त्रीलिंगी.

साधारणपणे ओकारान्त नाम पुल्लिंगी आणि आकारान्त नाम स्त्रीलिंगी असते. मराठीच्या कानाला हे उलटे वाटते, कारण आपल्याकडे आकारान्त नामे बहुधा पुल्लिंगी असतात : घोडा, आंबा, पंखा. पहिले काही आठवडे म्हणूनच ‘कासा’ (घर), ‘मेसा’ यांना पुल्लिंगी विशेषण लावले जाते. त्यावर गाळलेल्या जागांचे दोन-तीन स्वाध्याय जास्तच सोडवावेत. अपवादांपैकी ‘ला मानो’ (हात), ‘एल दिआ’ (दिवस), ‘एल मापा’ (नकाशा) हे आधी घ्यावेत. ग्रीकमधून आलेले ‘मा’कारान्त शब्द पुल्लिंगी असतात : ‘एल प्रोब्लेमा’, ‘एल क्लीमा’, ‘एल इदिओमा’. शेवटी ‘सिओन’ किंवा ‘दाद’ आले, की नाम स्त्रीलिंगी समजावे.

विशेषणाचे मराठीशी साम्य आहे, पण ते पूर्ण नाही. ‘चांगला मुलगा, चांगली मुलगी’ तसे ‘निन्यो ब्वेनो, निन्या ब्वेना’. मराठीत ‘लाल’, ‘सुंदर’ ही विशेषणे कधीच बदलत नाहीत; स्पॅनिशमध्ये ‘बेर्दे’ (हिरवा) लिंगानुसार बदलत नाही, मात्र अनेकवचनी नामाबरोबर ‘बेर्देस’ होतेच. हा ‘एस’ विसरण्याचे प्रमाण फार मोठे आहे.

क्रियापदांची सगळी रूपे घोकावी लागतात का?

पहिल्या टप्प्यात वर्तमानकाळापुरती, होय. क्रियापदांचे मूळ रूपाच्या शेवटावरून आर, एर, इर असे तीन गट आहेत. ‘आब्लार’ म्हणजे बोलणे. त्याची मी, तू, तो किंवा ती, आम्ही, तुम्ही, ते या क्रमाने रूपे आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. ‘कोमेर’ म्हणजे खाणे. कोमो, कोमेस, कोमे, कोमेमोस, कोमेइस, कोमेन. ‘बिबिर’ म्हणजे राहणे किंवा जगणे. बिबो, बिबेस, बिबे, बिबिमोस, बिबिस, बिबेन. शेवटचे दोन गट ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ या दोन रूपांतच वेगळे होतात, हे लक्षात आले की ओझे बरेच हलके होते.

आणखी एक दिलासा असा, की मराठीत पुरुषाने ‘बोलतो’ आणि स्त्रीने ‘बोलते’ म्हणावे लागते, तेथे मात्र दोघेही ‘आब्लो’च म्हणतात. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील भेदही स्पॅनिशमध्ये नाही.

घोकण्याची पद्धत मात्र बदलावी. सहा रूपे पाढ्यासारखी म्हणता येऊ लागली, तरी अचानक ‘त्या दोघी राहतात’ याचे रूप विचारल्यावर मनात पहिल्यापासून मोजत यावे लागते. म्हणून सर्वनामे आणि क्रियापदे सरमिसळ करून विचारणारे स्वाध्याय निवडावेत, आणि ते न मिळाल्यास दोन डब्यांत चिठ्ठ्या टाकून प्रत्येकातून एक उचलावी. ‘सेर’ आणि ‘एस्तार’ (असणे), ‘तेनेर’ (जवळ असणे), ‘इर’ (जाणे), ‘आसेर’ (करणे), ‘केरेर’ (हवे असणे), ‘पोदेर’ (शकणे) ही अनियमित क्रियापदे इतकी वापरात आहेत, की ती नियमितांच्या बरोबरीनेच सुरू करावी लागतात. ‘पोदेर’सारख्या क्रियापदांत आघात धातूवर आला की स्वर फुटतो, ‘प्वेदो’. आघात प्रत्ययावर गेला की मूळ स्वर परत येतो, ‘पोदेमोस’.

‘सेर’ आणि ‘एस्तार’ दोन्हींचा अर्थ ‘आहे’. कोणते कधी वापरावे?

नवशिक्यांचा हा सर्वांत जुना प्रश्न आहे. कायमचे असेल तेथे ‘सेर’ आणि तात्पुरते असेल तेथे ‘एस्तार’, हा पुस्तकी नियम सुरुवातीला आधार देतो आणि लवकरच दगा देतो. सांगली महाराष्ट्रातून कोठे जाणार नाही, तरी वाक्य ‘सांगली एस्ता एन महाराष्ट्र’ असेच होते. मृत माणूस पुन्हा उठत नाही, तरी ‘एस्ता म्वेर्तो’ म्हणतात.

त्यापेक्षा असे पाहावे, की ती वस्तू किंवा व्यक्ती काय आहे, कोणत्या जातीची, गावाची, व्यवसायाची आहे, हे सांगताना ‘सेर’ येते (रूपे ‘एस’, ‘सोन’). ती कोठे आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे, हे सांगताना ‘एस्तार’ (रूपे ‘एस्ता’, ‘एस्तान’). तासगावच्या द्राक्षांविषयी ‘लास ऊबास सोन बेर्देस’ म्हटले तर ती हिरव्या रंगाची आहेत असे कळते. ‘लास ऊबास एस्तान बेर्देस’ म्हटले तर ती अजून पिकलेली नाहीत. ‘एस आबुर्रीदो’ म्हणजे तो कंटाळवाणा आहे, ‘एस्ता आबुर्रीदो’ म्हणजे तो कंटाळला आहे. मराठीत जेथे आपण विशेषणच बदलतो, तेथे स्पॅनिश क्रियापद बदलते, म्हणून मराठी वाक्य नेमके केले की निवड बरेचदा आपोआप होते.

स्थळाच्या नियमाला एक अपवाद आहे आणि परीक्षेत तो आवडीने विचारला जातो. कार्यक्रम कोठे आहे हे सांगताना ‘सेर’ वापरतात : मिरजेत मैफल आहे, ‘एल कोन्सिएर्तो एस एन मिरज’. सतार तेथे असेल तर मात्र ‘एस्ता’.

काही जण ‘असतो’ आणि ‘आहे’ या मराठी जोडीवर हा भेद बसवू पाहतात. तो बसत नाही, कारण ‘मी शिक्षक आहे’ यातील ‘आहे’ला ‘सेर’च लागते.

‘गुस्तार’ (आवडणे) या क्रियापदाची रचना उलटी आहे असे पुस्तकात म्हटले आहे. ती कशी समजून घ्यावी?

ती इंग्रजीच्या दृष्टीने उलटी आहे. मराठीच्या दृष्टीने अगदी सुलटी आहे. ‘मला कॉफी आवडते’ म्हणजे ‘मे गुस्ता एल काफे’. ‘मला आंबे आवडतात’ म्हणजे ‘मे गुस्तान लोस मान्गोस’. जे आवडते त्याच्याप्रमाणे क्रियापद चालते, जसे आपल्याकडे. ‘मला पोहायला आवडते’ हेही ‘मे गुस्ता नादार’ असे सरळ उतरते. जो विद्यार्थी इंग्रजी वाक्यावरून निघतो तो ‘यो गुस्तो’ लिहून बसतो, आणि या एका चुकीवरून त्याने मधल्या भाषेचा आधार घेतला आहे हे ओळखता येते.

मला, तुला, त्याला किंवा तिला, आम्हाला, त्यांना यांसाठी मे, ते, ले, नोस, लेस असे शब्द येतात. मराठी भाषक चुकतो ती जागा वेगळीच आहे. ‘मारियाला कॉफी आवडते’ या वाक्यात आपण ‘ला’ एकदाच लावतो; स्पॅनिशमध्ये ‘आ मारिया ले गुस्ता एल काफे’, म्हणजे नाव सांगूनही ‘ले’ ठेवावाच लागतो. ‘दोलेर’ म्हणजे दुखणे हे क्रियापदही याच रांगेतले : ‘मे द्वेले ला काबेसा’. आपण ‘माझे डोके’ म्हणतो, तेथे ‘मला डोके दुखते’ अशी रचना आहे.

भूक, तहान आणि वय यांसाठी मात्र ‘गुस्तार’ची वाट सोडावी. तेथे ‘तेनेर’, म्हणजे जवळ असणे, हे क्रियापद येते : ‘तेन्गो आम्ब्रे’ म्हणजे मला भूक लागली आहे, ‘तेन्गो बेइन्ते आन्योस’ म्हणजे मी वीस वर्षांचा आहे.

काही वाक्यांत कर्माच्या आधी ‘आ’ का येतो?

याचे उत्तर मराठी ‘ला’मध्ये दडलेले आहे. ‘मी घर पाहतो’ म्हणताना आपण प्रत्यय लावत नाही, ‘मी मुलीला पाहतो’ म्हणताना लावतो. स्पॅनिशमध्ये तेच : ‘बेओ ला कासा’, पण ‘बेओ आ ला निन्या’. साम्य याहून पुढे जाते. ‘मी डॉक्टर शोधतो आहे’ म्हणजे कोणी तरी डॉक्टर हवा आहे, ‘बुस्को ऊन मेदिको’. ‘मी डॉक्टरांना शोधतो आहे’ म्हणजे विशिष्ट डॉक्टर, ‘बुस्को आल मेदिको’. (‘आ’ आणि ‘एल’ एकत्र आले की ‘आल’ होते.) इंग्रजीतून शिकणाऱ्याला यासाठी नियमांची यादी लागते; मराठी माणसाने वाक्य मनात म्हणून ‘ला’ येतो का ते पाहावे. ‘मला एक भाऊ आहे’ यात ‘ला’ असूनही ‘तेन्गो ऊन एर्मानो’ असे ‘आ’शिवाय होते, कारण तेथे आपला ‘ला’ कर्माला लागलेला नाही.

‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांसाठी काय आहे?

‘तू’साठी ‘तू’च, उच्चारही जवळजवळ तोच. आदरार्थी ‘उस्तेद’, आणि अनेकांना ‘उस्तेदेस’. घोटाळा होतो तो क्रियापदात : मराठीत आदर दाखवताना क्रियापद अनेकवचनी होते, तर ‘उस्तेद’ला तृतीयपुरुषी एकवचन लागते, ‘उस्तेद आब्ला’. स्पेनमध्ये जवळच्या अनेकांना ‘बोसोत्रोस’ म्हणतात. लॅटिन अमेरिकेत हे रूप बोलण्यात नाही. अर्जेंटिना आणि उरुग्वे येथे ‘तू’ऐवजी ‘बोस’ ऐकू येते.

कोणाला काय म्हणावे याची वाटणी मात्र आपल्यासारखी नाही. आपल्या अनेक घरांत आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ असा भेद असतो. स्पेनमध्ये दोघांनाही सहसा ‘तू’ म्हणतात, आणि कार्यालयातही बरेचदा तेच चालते. कोलंबियाच्या काही भागांत उलट घरच्यांनाही ‘उस्तेद’ म्हणतात. स्वाध्यायात संदर्भ दिलेला नसेल तर अनोळखी प्रौढ व्यक्तीसाठी ‘उस्तेद’ लिहावे.

अंक लवकर कसे बसतील?

पंधरापर्यंत, म्हणजे ‘किन्से’पर्यंत, पाठ करावेत, पुढे जोडणी आहे. ‘त्रेइन्ता इ ऊनो’ म्हणजे तीस आणि एक. मराठीत ‘एकतीस’ म्हणताना एकक आधी येतो, त्यामुळे फोन नंबर लिहून घेताना अंकांची अदलाबदल होते. लाख आणि कोटी नाहीत : लाख म्हणजे ‘सिएन मिल’, दहा लाख म्हणजे ‘ऊन मियोन’, कोटी म्हणजे ‘दिएस मियोनेस’. सरावासाठी बाजारभावाचा तक्ता घ्यावा आणि क्विंटलचे दर मोठ्याने वाचावेत. समजा दर पंधरा हजार आहे, तर ‘किन्से मिल’. जाता जाता, ‘किन्ताल’ हा शब्द स्पॅनिशमध्येही आहे, पण कास्तीलचा जुना किन्ताल सुमारे ४६ किलोचा होता, त्यामुळे त्या हिशेबाने हळद विकू नये.

स्वाध्याय सोडवण्याची योग्य पद्धत कोणती?

उत्तरसूची शेजारी उघडी ठेवून सोडवलेला स्वाध्याय हे वाचन असते, सराव नसतो. पूर्ण वाक्य हाताने लिहावे. गाळलेल्या जागेत फक्त शब्द भरून पुढे जाऊ नये. तपासताना नुसती बरोबर-चूक खूण न करता चुकीचे कारण समासात लिहावे : लिंग, वचन, क्रियापदाचे रूप, क्रम, आघातचिन्ह. महिन्याभराने समास चाळला, की एकच कारण पुन्हा पुन्हा दिसते आणि पुढचे स्वाध्याय कोणते निवडायचे ते ठरते. एकाच नियमावरची वीस वाक्ये सलग सोडवली तर शेवटची दहा न विचार करता बरोबर येतात, म्हणून दोन-तीन नियम मिसळलेले संच अधिक उपयोगी ठरतात, जरी त्यांत गुण कमी पडत असले तरी.

शिक्षक जवळ नसताना सर्वांत भरवशाचा सराव दुहेरी भाषांतराचा आहे. पुस्तकातील दहा स्पॅनिश वाक्ये घ्यावीत, त्यांचे स्वाभाविक मराठी करून ठेवावे, आणि दोन दिवसांनी मूळ न पाहता मराठीवरून पुन्हा स्पॅनिश करावे. तुलना करायला मूळ वाक्य हाताशी असल्यामुळे तपासनीसाची गरज पडत नाही.

नमुन्यादाखल पाच वाक्ये देत आहोत. आधी उत्तरे झाकून ती करून पाहावीत. मला द्राक्षे आवडतात. द्राक्षे अजून कच्ची आहेत. आयर्विन पूल कृष्णा नदीवर आहे. मी शिक्षकांना शोधतो आहे. आजीला भूक लागली आहे.

उत्तरे अशी. ‘मे गुस्तान लास ऊबास’. येथे ‘गुस्तान’ अनेकवचनी हवे आणि ‘लास’ हे उपपदही हवे, जे मराठीत नसल्यामुळे गळते. ‘लास ऊबास तोदाबिआ एस्तान बेर्देस’; अवस्था असल्याने ‘एस्तार’. ‘एल प्वेन्ते आयर्विन एस्ता सोब्रे एल रिओ कृष्णा’. पूल १९२९ पासून तेथेच उभा असला तरी स्थळासाठी ‘एस्तार’. ‘बुस्को आल प्रोफेसोर’. मराठीतील आदरार्थी अनेकवचन येथे उतरत नाही, व्यक्ती एक असेल तर एकवचनच. ‘ला आब्वेला तिएने आम्ब्रे’. ‘आजीला’ पाहून ‘आ’ किंवा ‘ले’ लिहिण्याचा मोह होतो.

ॲपमध्ये गुण मिळतात, पण बोलायला गेल्यावर शब्द सुचत नाही. असे का?

ॲपमधील बरेच प्रश्न चार पर्यायांतून ओळखण्याचे असतात आणि ओळखणे हे आठवण्यापेक्षा सोपे असते. ॲप सोडण्याची गरज नाही. त्यातील प्रत्येक प्रश्न पर्याय झाकून आधी तोंडाने सोडवावा. रोज पाच मिनिटे मोबाइलवर स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करावा : आज काय खाल्ले जाते आहे, कोठे जायचे आहे, घरात कोण आहे. ते ऐकताना स्वतःच्या चुका स्वतःलाच सापडतात. याशिवाय ध्वनिफीत ऐकून लिहून घेण्याचा, म्हणजे श्रुतलेखनाचा, सराव आठवड्यातून दोनदा तरी करावा. शाळेत तो कंटाळवाणा वाटला असेल, पण स्पॅनिशमध्ये शब्द एकमेकांत मिसळून बोलले जात असल्यामुळे कान तयार करण्यास त्याच्याइतका उपयोगी प्रकार नाही.

भूतकाळ केव्हा सुरू करावा?

वर्तमानकाळातील अनियमित क्रियापदे न अडखळता येऊ लागल्यावर. तेथेही मराठीचा आधार आहे : ‘जेवलो’ याला एक काळ, ‘जेवत होतो’ किंवा ‘जेवायचो’ याला दुसरा, ‘कोमी’ आणि ‘कोमिआ’. फक्त ‘तिने आंबा खाल्ला, तिने पोळी खाल्ली’ असे कर्माप्रमाणे बदलणारे क्रियापद तेथे नसते, ते कर्त्याप्रमाणेच राहते.

स्पेनची स्पॅनिश शिकावी की लॅटिन अमेरिकेची?

या पातळीवर व्याकरण जवळजवळ एकच आहे. ‘झेड’ चा उच्चार स्पेनच्या बहुतांश भागात जीभ दातांमध्ये ठेवून करतात, अमेरिकेत ‘स’ करतात. कोणताही एक निवडावा आणि तो बदलत राहू नये.

प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असल्यास?

सर्वांत परिचित परीक्षा ‘देले’ ही आहे. ती इन्स्तितुतो सेर्वान्तेस ही स्पेनची संस्था घेते आणि तिचे केंद्र नवी दिल्लीत आहे. ए१ च्या परीक्षेत वाचन, लेखन, श्रवण आणि संभाषण असे चार भाग असतात. वाचन-लेखनाचा एक गट आणि श्रवण-संभाषणाचा दुसरा, आणि प्रत्येक गटात ५० पैकी किमान ३० गुण मिळवावे लागतात. म्हणजे वहीत पारंगत असलेला उमेदवार केवळ लेखनाच्या जोरावर उत्तीर्ण होत नाही. या प्रमाणपत्राला मुदत नसते. प्रत्यक्ष वर्ग हवा असेल तर आपल्याकडून जवळचा जुना आणि नावाजलेला पर्याय पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूटमधील विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग हा आहे. नोकरीसाठी ए१ चे प्रमाणपत्र फारसे उपयोगी पडत नाही, हे मात्र शुल्क भरण्यापूर्वी लक्षात घ्यावे. भाषेवर आधारित कामांसाठी साधारणपणे बी२ किंवा त्यापुढची पातळी विचारली जाते.

मोबाइल आणि संगणकावर चिन्हांची अक्षरे कशी लिहावीत?

मोबाइलच्या इंग्रजी कळफलकावर स्वराची कळ दाबून धरली, की तिरपी रेघ असलेला स्वर दिसतो, आणि ‘एन’ दाबून धरले की डोक्यावर लहर असलेला ‘एन्ये’. रोजच लिहायचे असेल तर सेटिंगमधून स्पॅनिश कळफलक जोडावा, म्हणजे शब्द सुचवण्याची सोयही मिळते. ‘एन्ये’च्या बाबतीत आळस करू नये, वय सांगताना ‘आन्योस’मधील लहर विसरली, तर वाक्य वर्षांऐवजी चारचौघांत नाव न घेण्याच्या अवयवाविषयी होते. विंडोज संगणकावर ऑल्टची कळ दाबून उजवीकडच्या अंकफलकावर १६४ टंकले की ‘एन्ये’ उमटते, १६८ ने उलटे प्रश्नचिन्ह आणि १७३ ने उलटे उद्गारचिन्ह. स्पॅनिशमध्ये ही उलटी चिन्हे वाक्याच्या आरंभी द्यावी लागतात. लॅपटॉपला अंकफलक नसेल तर ‘युनायटेड स्टेट्स इंटरनॅशनल’ हा कळफलक निवडावा. त्यात एकेरी अवतरणाची कळ दाबून मग स्वर दाबला, की तिरपी रेघ आपोआप येते.